तीन माणसांचं वजन

५०० पौंड, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो. ५ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा जो भाग दाखवला गेला, त्यातला सगळा पेच या आकड्यात आहे. ‘एंटरप्राइज’ या अंतराळजहाजावरून निघालेलं ‘गॅलिलिओ’ नावाचं छोटं यान एका अनोळखी ग्रहावर आदळतं. आत सात जण आहेत. इंधन गळून गेलंय, मुख्य जहाजाशी संपर्क तुटलाय आणि बाहेरच्या धुक्यात भाले घेतलेले महाकाय जीव फिरताहेत. यंत्रांचं सगळं बघणारा स्कॉट सांगतो, की वर उडायचं तर एवढा भार कमी करावाच लागेल. सामान टाकून भागण्यासारखं नाही. मग तीन जाणत्या माणसांचं वजन तेवढं उरतं.

कोणते तीन, असं कोणीतरी विचारतं. चिठ्ठ्या टाका, असंही सुचवलं जातं. या तुकडीचा प्रमुख स्पॉक, अर्धा माणूस आणि अर्धा व्हल्कन नावाच्या परग्रहावरच्या जमातीचा, चिठ्ठ्या नाकारतो. नशिबावर सोडण्यापेक्षा आपण तर्काने केलेली निवड जास्त योग्य ठरेल, असं तो शांतपणे सांगतो. त्या शांतपणानेच बाकीचे बिथरतात. आपल्याला कोणी मनात तराजूवर घालतंय, हे त्यांना सहन होत नाही.

१९६६ ते १९६९ या तीन वर्षांत या मालिकेचे ७९ भाग झाले. त्यातले कित्येक आज भाबडे वाटतात. पुठ्ठ्याचे खडक ओळखू येतात. पण एक प्रश्न ही मालिका सोडायला तयार नव्हती. सगळे वाचणार नसतील, तर कोणी मरायचं हे ठरवण्याचा अधिकार कोणाला? आणि जीव मोजता येतात का? हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच जुना आहे. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याला तो पुस्तकातून सुचला असेल असं वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो पॅसिफिकमध्ये बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता. १९४३ मध्ये त्याच्या हातातलं बी-१७ विमान धावपट्टीवरून उडताना अपघातात सापडलं आणि त्यात दोन सहकारी गेले. पुढे १९४७ मध्ये सीरियाच्या वाळवंटात पॅन अ‍ॅमचं विमान जळत कोसळलं. तेव्हा तो त्यात होता, आणि प्रवाशांना बाहेर काढणाऱ्यांमध्येही होता. कोण वाचलं आणि कोण राहिलं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

‘गॅलिलिओ’च्या गोष्टीत पुढे जे घडतं, ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. भाल्याने तुकडीतला लॅटिमर मरतो. त्याचा सहकारी बोमा हट्ट धरतो, की त्याला नीट मूठमाती द्यायची. स्पॉकला हा वेळेचा अपव्यय वाटतो. मग आणखी एक सहकारी गायटानोही मारला जातो, आणि या वेळी स्पॉक स्वतः धुक्यात शिरून त्याचं प्रेत खांद्यावर घालून आणतो. का आणलं, हे तो सांगत नाही. शेवटी दफन चालू असताना हल्ला होतो आणि स्पॉक एका दगडाखाली अडकतो. मला सोडा आणि निघा, असं तो ओरडून सांगतो. डॉक्टर मॅकॉय आणि बोमा काही ऐकत नाहीत. परत येऊन त्याला ओढून काढतात. यानात बसल्यावर स्पॉक त्यांना बोल लावतो, की माझ्यासाठी मागे येऊन तुम्ही सगळ्यांच्या वाचण्याची उरलीसुरली आशा घालवलीत.

इथे स्पॉकची एक गोष्ट ध्यानात येते आणि तिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. तो हिशेब करतो, पण त्या हिशेबात स्वतःलाही धरतो. तीन माणसं मागे ठेवायची ही भाषा त्याच्या तोंडी जितकी थंड, तितकीच मला मागे ठेवा ही भाषासुद्धा थंड. त्याचे सहकारी चिडतात ते त्या थंडपणावर. पण तो लबाडी करतोय, असं त्यांनाही म्हणता येत नाही.

महिनाभर आधी, ८ डिसेंबर १९६६ च्या भागात, याच हिशेबाचं दुसरं रूप दाखवलं होतं. टार्सस चार नावाच्या वसाहतीत ८००० माणसं. बुरशी पडून अन्नाचा साठा नासतो. कोडोस नावाचा गव्हर्नर ठरवतो, की सगळे उपाशी मरण्यापेक्षा निम्मे जगलेले बरे. मग तो ४००० जणांना ठार करवतो. कोणी जगायचं हे तो वंश आणि गुणवत्तेबद्दलच्या स्वतःच्या कल्पनांवर ठरवतो. आणि मग मदतीची जहाजं अपेक्षेपेक्षा लवकर येऊन पोचतात. २० वर्षांनी नाव बदलून नाटकात कामं करणारा हा म्हातारा ‘एंटरप्राइज’चा कप्तान कर्क याच्यासमोर बसून म्हणतो, की जहाजं लवकर आली नसती तर इतिहासाने त्याच कोडोसला थोर माणूस ठरवलं असतं.

हे वाक्य ऐकून अंगावर काटा येतो, कारण ते सपशेल खोटं नाही. जहाजं आली नसती तर आकडे त्याच्या बाजूने बोलले असते. तरीही कोडोस आणि स्पॉक यांच्यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. कोडोसच्या यादीत कोडोस नव्हता. शिवाय त्याला उद्याची खात्री होती, आणि तशी खात्री बाळगण्याचा हक्क कोणालाच नसतो.

हे केवळ दूरचित्रवाणीवरचं नाट्य नव्हे. १८८४ मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघालेली ‘मिग्नोनेट’ नावाची छोटी बोट दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. कप्तान टॉम डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि १७ वर्षांचा खलाशी पोरगा रिचर्ड पार्कर असे चौघे एका होडक्यात उरले. खायला सलगमचे दोन डबे. मध्ये एक कासव सापडलं, तेही संपलं. पाणी नाही. डडलीने चिठ्ठ्या टाकायचं सुचवलं, ब्रूक्सने ते मानलं नाही. पार्कर समुद्राचं पाणी पिऊन आजारी पडला होता, जवळजवळ शुद्धीत नव्हता. डडलीने देवाची प्रार्थना केली आणि स्टीफन्सच्या संमतीने त्या पोराला मारलं. तिघे त्याच्या देहावर जगले. चौथ्या दिवशी एक जर्मन जहाज दिसलं.

फाल्मथ बंदरात उतरल्यावर डडलीने काहीही लपवलं नाही. समुद्रावरची रीत अशीच असते, असं त्याला मनापासून वाटत होतं. गावातले लोकही त्याच्या बाजूने होते. मेलेल्या पोराच्या भावानेसुद्धा त्याच्याशी हात मिळवला. लॉर्ड कोलरिज यांच्या न्यायालयाने मात्र गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही असं ठरवून फाशी सुनावली. ती पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. निकालपत्रातला एक मुद्दा विसरता येत नाही. जीव वाचवणं हे कर्तव्य असतं, पण जीव देणं हे त्याहून मोठं कर्तव्य असू शकतं, आणि उदाहरणादाखल न्यायमूर्तींनी कप्तानाचं आपल्या खलाशांप्रती असलेलं कर्तव्य सांगितलं. त्या होडक्यात सर्वांत दुबळा निवडला गेला होता. सर्वांत जबाबदार माणूस निवडला गेला नव्हता.

त्याआधी १८४१ मध्ये ‘विल्यम ब्राउन’ हे जहाज हिमनगावर आपटून बुडालं, तेव्हा जास्त भरलेल्या होडीतून खलाशांनी डझनभरापेक्षा जास्त प्रवाशांना पाण्यात लोटलं. फिलाडेल्फियातल्या न्यायालयाने बजावलं, की होडी वल्हवायला लागतील तेवढे सोडून बाकीच्या खलाशांनी आधी जायला हवं होतं, आणि निवड करायचीच होती तर चिठ्ठ्या टाकून.

चिठ्ठ्यांऐवजी पाळी लावली तर काय होतं, याची एक गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे, एकचक्रा नगरीची. मराठी घरांतली मुलं ती भीम आणि बकासुराच्या मारामारीसाठी ऐकतात, पण मारामारीच्या आधीचा भाग जास्त हलवून टाकणारा आहे. गावाने राक्षसाशी करार केलेला असतो. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, दर वेळी एका घरातून. आळीपाळीने. करार न्याय्य दिसतो, सगळ्यांची पाळी येते. पण ज्या ब्राह्मणाकडे पांडव उतरलेले असतात, त्याच्या तोंडी व्यासांनी एक गोष्ट घातली आहे. आपल्याजवळ दुसरा माणूस विकत घेऊन पाठवण्याइतका पैसा नाही, असं तो म्हणतो. म्हणजे समान वाटणाऱ्या त्या पाळीतही धनवानाला पळवाट होती. मग घरात वाद सुरू होतो. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. बोबडं बोलणारं लहान पोर गवताची काडी उचलून म्हणतं, की हिने मी त्या राक्षसाला मारतो. आणि रडणारी माणसं क्षणभर हसतात. हे सगळं ऐकून कुंती ठरवते, की आपला मुलगा जाईल. धर्मराज तिच्यावर रागावतो. ती मात्र ठाम राहते, की ज्यांच्या घरात राहिलो त्यांचं देणं आहे.

‘स्टार ट्रेक’मध्ये एकचक्रेसारखी नगरी दोनदोन ग्रहांवर वसली आहे. २३ फेब्रुवारी १९६७ च्या भागात एमिनियार आणि व्हेंडिकार हे ग्रह ५०० वर्षं युद्ध करताहेत, पण एकही बॉम्ब पडत नाही. हल्ले संगणक खेळतो आणि मेलेल्यांची यादीही तोच काढतो. यादीत नाव आलेली माणसं २४ तासांच्या आत स्वतःच्या पायांनी चालत जाऊन एका कक्षात नाहीशी होतात. इमारती शाबूत राहतात, संस्कृती टिकते. मीया नावाची एक तरुण बाई कर्कला सांगते, की आपलं नाव मृतांत आलंय. पाऊस पडणार असल्याचं सांगावं तसं. कर्क तो संगणक फोडतो. हिशेब इतका स्वच्छ झालेला असतो, की तो थांबवायची इच्छाच कोणाला उरलेली नसते, असा त्याचा आरोप आहे. बकासुराची पाळीही अशीच वर्षानुवर्षं चालली होती. गाव मेलं नव्हतं, पण राक्षसाला सामोरं जायची हिंमत नाहीशी झाली होती.

आता एक वेगळी परंपरा, आणि तिचा या मालिकेशी धागाही आहे. स्पॉकची भूमिका करणारा लिओनार्ड निमॉय बॉस्टनमधल्या एका ज्यू कुटुंबातला. बोटं फाकवून केला जाणारा व्हल्कन नमस्कार त्याने लहानपणी सिनेगॉगमध्ये पुरोहितांना आशीर्वाद देताना पाहिला होता. तोच त्याने मालिकेत आणला. त्याच ज्यू परंपरेत धर्मपंडितांनी जवळजवळ ‘गॅलिलिओ’चाच प्रसंग समोर ठेवून वाद घातला आहे. वाटसरूंच्या जथ्याला शत्रूने घेरलं आणि म्हणाला, तुमच्यातला एक आम्हाला मारायला द्या, नाहीतर सगळ्यांना मारू. काय करायचं? उत्तर असं, की सगळे मेले तरी चालतील, पण एक जीव आपल्या हाताने काढून द्यायचा नाही. शत्रूने नाव घेऊन एकालाच मागितलं तर काय, यावर पंडितांत मतभेद आहेत.

आणि मग जेरुसलेमच्या तालमूदमध्ये त्यावरच एक घडलेली गोष्ट येते. उल्ला बर कोशेव नावाचा माणूस राजाच्या रोषातून पळून लोद गावात रब्बी येहोशुआ बेन लेवी यांच्याकडे येतो. शिपाई गावाला वेढा घालतात, की त्याला द्या, नाहीतर गाव बेचिराख करू. रब्बी त्या माणसाची समजूत घालतात आणि तो शरण जातो. गाव वाचतं. पण रब्बींना अधूनमधून दर्शन देणारा प्रेषित एलिया येईनासा होतो. कित्येक उपास केल्यावर तो पुन्हा येतो तेव्हा रब्बी म्हणतात, की मी शास्त्राप्रमाणेच तर वागलो. एलिया त्यांना विचारतो, की सत्पुरुषाचं शास्त्र एवढंच असतं का?

या गोष्टीचं मोल असं, की ती रब्बींना गुन्हेगार म्हणत नाही. नियम त्यांच्या बाजूला आहे. तरी काहीतरी गेलेलं आहे, आणि त्याची भरपाई नियम करू शकत नाही. १९६७ मध्ये, म्हणजे हे भाग दाखवले जात होते त्याच वर्षी, फिलिपा फूट या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंनी ‘ऑक्सफर्ड रिव्ह्यू’मधल्या निबंधात सुटलेल्या ट्रामचं उदाहरण मांडलं. एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. चालकाने ट्राम कुठे वळवावी? त्यातून पुढे अर्ध्या शतकाची चर्चा झाली. त्या चर्चेत रुळावरच्या माणसाला बहुधा नाव नसतं, आणि ट्राम वळवल्यावर चालकाच्या रात्री कशा जातात, हेही फारसं कोणी विचारत नाही. एलिया विचारतो.

मालिकेनेही एकदा ते विचारलं. ६ एप्रिल १९६७ चा भाग सगळ्यांत नावाजलेला आहे. औषधाच्या अपघाताने भ्रमिष्ट झालेला डॉक्टर मॅकॉय काळाच्या दारातून मागे जातो आणि इतिहास बदलून बसतो. त्याला शोधत कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. मंदीचे दिवस. एडिथ कीलर नावाची बाई भुकेल्यांना सूप वाढणारा आश्रम चालवते आणि एक दिवस माणूस ताऱ्यांकडे जाईल असं बोलते. कर्कचं तिच्यावर मन बसतं. मग स्पॉकला कळतं, की ती जगली तर तिची शांततेची चळवळ वाढेल, अमेरिका युद्धात उशिरा उतरेल, आणि तोवर नाझी जर्मनी अणुबॉम्ब करून जग जिंकेल. ती रस्ता ओलांडत असते, ट्रक येत असतो. मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला मिठी मारून अडवून धरतो.

इथे उद्याची खात्री आहे. कोडोसला जे माहीत नव्हतं, ते कर्कला माहीत आहे. आकडेही त्याच्याच बाजूने आहेत, कोट्यवधींनी. तरी पटकथा त्याला समाधान देत नाही. एडिथचा दोष काय, तर योग्य गोष्ट चुकीच्या वेळी मागितली. हार्लन एलिसनच्या मूळ संहितेत तर शेवटच्या क्षणी कर्कला ते जमतच नाही, स्पॉकला ते करावं लागतं. निर्मात्यांनी ते बदललं आणि एलिसन आयुष्यभर त्यावर चिडून राहिला. पण दाखवलेला शेवट जास्त कठोर आहे, आणि म्हणून जास्त प्रामाणिकही. निर्णय ज्याचा, हात त्याचेच.

महायान परंपरेतल्या उपायकौशल्य सूत्रात महाकारुणिक नावाच्या एका जहाजाच्या कप्तानाची गोष्ट येते. जहाजावर ५०० व्यापारी आणि त्यांना ठार करून लुटायला निघालेला एक दरोडेखोर. कप्तानाला हे कळतं. व्यापाऱ्यांना सांगावं तर ते रागाने त्याला मारतील आणि ते पाप त्यांच्या माथी बसेल. न सांगावं तर ५०० जीव जातील. कप्तान स्वतः दरोडेखोराला मारतो आणि त्याबद्दल नरकवास भोगायला तयार होतो. हत्या योग्य होती म्हणून पाप लागणार नाही, असं तो स्वतःला समजावत नाही. हिशेब बरोबर आला तरी त्याची किंमत आपण मोजायची, ही त्याची धारणा आहे. एडिथच्या मृत्यूनंतर कर्क परत येतो आणि इथून निघूया एवढंच म्हणतो, तेव्हा तो या कप्तानाच्या जवळ उभा असतो.

कधीकधी तर प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो. ९ मार्च १९६७ च्या भागात खाणीत ५० हून जास्त कामगार मेलेले आहेत. मारणारा होर्टा नावाचा दगडासारखा जीव. त्याला मारणं सरळ वाटतं. मग कळतं, की खाणकामगार जे गोल गोटे फोडत होते, ती त्याची अंडी आहेत. इथे गंमत स्पॉकची आहे. हा आपल्या जातीतला शेवटचा जीव असेल तर त्याला मारणं गुन्हा ठरेल, असं आधी तोच म्हणत असतो. पण बोगद्यात कर्क होर्टासमोर एकटा सापडल्याचं कळताच तो कळवळून सांगतो, लगेच मार त्याला! आपल्या मित्राचा जीव समोर आल्यावर तर्क जागेवर राहत नाही. कर्क मात्र बंदूक खाली ठेवतो.

महाभारताच्याच सभापर्वात विदुर धृतराष्ट्राला दुर्योधनाचा त्याग करायला सांगताना एक जिना मांडतो. कुळासाठी एकाला सोडावं, गावासाठी कुळाला, देशासाठी गावाला. राजनीतीची पुस्तकं हे तीन टप्पे मोठ्या आवडीने उचलतात. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात जहाज वाचवायला स्पॉक किरणोत्साराने भरलेल्या कक्षात शिरतो आणि मरतो, तो याच जिन्यावरून. फक्त सोडायचा ‘एक’ म्हणून तो स्वतःला निवडतो. पण विदुराचा चौथा टप्पा उलटा आहे. आत्म्यासाठी पृथ्वी सोडावी, असं तो म्हणतो. नीतिशास्त्रवाले त्याचा अर्थ स्वतःचा जीव वाचवणं असा घेतात. १९८४ च्या पुढच्या चित्रपटात कर्क मेलेल्या मित्रासाठी जहाज चोरतो, आणि त्या धडपडीत ते जहाज जातं, त्याचा मुलगा डेव्हिडही मारला जातो. स्पॉकचा बाप सारेक त्याला म्हणतो, की याची किंमत तुझं जहाज आणि तुझा मुलगा झाली. कर्क उत्तर देतो, की प्रयत्न केला नसता तर आत्मा गेला असता. विदुराच्या शब्दाचा अर्थ कर्क तरी जीव असा घेत नाही. एकासाठी त्याने सगळं घालवलं, आणि आकड्यांच्या बाजूने बघणाऱ्याला हा सौदा आजही वेडाचा वाटेल.